मुलाचा कान पुन्हा पुन्हा का दुखतो? ॲलर्जी, नाक आणि कान यांबद्दल नागपूरच्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत माझ्याकडे श्रवणतपासणीला येणाऱ्या लहान मुलांची रांग वाढतच जाते. चिठ्ठीवर 'कमी ऐकू येते', 'कान वारंवार दुखतो' किंवा 'कानात पाणी' असं लिहिलेलं असतं. आईच्या हातातल्या फाइलमध्ये अँटिबायोटिकच्या जुन्या चिठ्ठ्या असतात, पण नाकाबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. मूल मात्र समोर बसून तळहाताने नाक वर ढकलत असतं. तोंड उघडं, डोळ्यांखाली काळसर झाक. "किती आवाज द्या मॅडम, ऐकूनच नाही राहिला हा. टीव्हीतच घुसून राहते," आई सांगते. पोरगं हट्टी नसतं. त्याच्या कानात पाणी असतं आणि त्या पाण्याचं मूळ बरेचदा नाकात असतं.

औषधांचे डोस इथे दिलेले नाहीत. ते मुलाच्या वजनावर ठरतात आणि ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. काय ओळखायचं, काय टिपून ठेवायचं, घरात काय बदलायचं आणि कधी थांबायचं नाही, ते मात्र सगळं सांगते.

नाक बिघडलं की कान का बिघडतो

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. हिला युस्टेशियन नळी म्हणतात. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते, आतला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवते आणि कानातला स्राव घशाकडे सोडते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात ती जेमतेम निम्म्या लांबीची, जवळपास आडवी आणि लिबलिबीत असते. कानाची दुखणी लहानपणीच जास्त का होतात, याचं मोठं कारण हेच. सहा-सात वर्षांपर्यंत ही नळी बऱ्यापैकी घडते आणि पुष्कळ मुलांचा त्रास आपोआप कमी होतो.

ॲलर्जीत नाकाचं आतलं अस्तर सुजतं आणि त्याला पाणी सुटतं. नळीचं तोंड त्याच अस्तरात आहे, त्यामुळे तेही सुजून बंद होतं. आत अडकलेली हवा हळूहळू शोषली जाते, दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी झिरपायला लागतं. एवढ्यावर थांबलं तर दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं. मग शाळेतून एखादी साधी सर्दी घरी येते, नाकामागचे जंतू त्या साचलेल्या पाण्यात पोहोचतात आणि एखाद्या रात्री ताप, ठणका सुरू होतो.

पण प्रत्येक कानदुखी ॲलर्जीची नसते. दोन वर्षांखालच्या बाळांत ती बहुतेक विषाणूंच्या सर्दीमागून येते, कारण हवेतल्या परागकणांची ॲलर्जी तयार व्हायलाच काही ऋतू जावे लागतात. ॲलर्जीचा संबंध कानात पाणी साचण्याशी बऱ्याच अभ्यासांत दिसला आहे, पण सगळ्यांत नाही. म्हणून आपल्या मुलाचं काय आहे ते शोधायला हवं, गृहीत धरायला नको.

पायरी पहिली: कानाचं नेमकं काय झालंय?

घरात सगळ्यालाच 'कान दुखतो' म्हणतात, पण आतली भानगड वेगवेगळी असते.

अचानक ठणका, ताप, चिडचिड, रात्री झोपेतून रडत उठणं, हा मध्यकर्णाचा ताजा जंतुसंसर्ग. बाळ असेल तर दूध ओढताना रडतं, कान ओढतं. नुसतं कान ओढणं मात्र पुरावा नव्हे, दात येतानाही मुलं कान ओढतात.

दुखत नाही, ताप नाही, पण हाक ऐकू जात नाही, 'काय?' असं सारखं विचारतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, बोलणं उशिरा येतं किंवा अस्पष्ट राहतं. हे पडद्यामागचं पाणी. यात सरासरी २५ डेसिबलच्या आसपास ऐकणं कमी होतं. समोरून बोललं तर समजतं, मागच्या बाकावरून मास्तरांचं बोलणं निम्मं निसटतं. ॲलर्जीशी सगळ्यात जास्त नातं याच प्रकाराचं आहे आणि नेमका हाच सगळ्यात उशिरा लक्षात येतो, कारण मूल रडत नाही.

ठणका एकदम थांबतो आणि उशीवर पिवळा डाग दिसतो, तेव्हा कान फुटलेला असतो. ताज्या संसर्गातलं असं छोटं छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं. पण कान आठवडेन् आठवडे वाहत राहिला, वास यायला लागला तर ते वेगळं आणि गंभीर प्रकरण आहे.

कानाची पाळी ओढली की जास्त दुखतं, उन्हाळ्यात पोहून आल्यावर किंवा पावसाळ्यात आत खाज सुटते, ते बाहेरच्या नळीचं दुखणं. त्याचा या लेखाशी फारसा संबंध नाही, डॉक्टरांना दाखवा म्हणजे झालं.

पायरी दुसरी: सर्दी की ॲलर्जी?

साध्या सर्दीत ताप येऊ शकतो, अंग मोडून येतं, शेंबूड घट्ट होतो आणि आठ-दहा दिवसांत मूल पूर्वपदावर येतं. ॲलर्जीत ताप नसतो. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची सर लागते, नाकातून पाण्यासारखं गळतं, नाक-डोळे-टाळू खाजतात. आठवड्यातून चारहून जास्त दिवस आणि सलग चार आठवड्यांहून जास्त काळ हे चालू असेल तर ते जुनाट समजायचं.

मुलाकडे नीट बघा. खाज म्हणून नाक सतत वर घासल्याने नाकाच्या शेंड्याच्या वर एक आडवी रेघ उमटते. खालच्या पापणीखाली बारीक घड्या दिसतात. तोंडाने श्वास, रात्री घोरणं, उशीवर लाळ. आई-बाबांपैकी कुणाला दमा, इसब किंवा अशीच 'जन्माची सर्दी' असेल, मुलाच्या कोपराच्या खळगीत लहानपणी इसब असेल, तर शंका आणखी पक्की होते.

घोरणं जास्त असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा होत असेल तर नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्या आहेत का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. त्या वाढल्या तर नळीच्या तोंडाजवळ दाटी होते, आणि ॲलर्जी व ॲडिनॉइड दोन्ही एकाच मुलात असणं अगदी नेहमीचं आहे.

पायरी तिसरी: दोन महिने वही ठेवा

साधी शाळेची वही पुरते. तारीख, नाक कसं होतं, कान दुखला का, ऐकणं कसं वाटलं, त्या दिवशी घरात काय घडलं. ॲलर्जी ओळखायला मदत करणारं याहून स्वस्त साधन नाही. नागपूरचं हवामान प्रत्येक ऋतूत वेगळा त्रास देतं, त्यामुळे वहीत बरेचदा चित्र आपोआप उमटतं.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारण तान्ह्या पोळ्याच्या सुमारास, रिकाम्या प्लॉटांवर आणि रस्त्याकडेला गाजर गवत पांढरं फुललेलं असतं. त्याचे परागकण नाकाला झोंबतात. घरात भिंतींना ओल, कपाटात बुरशी. कोजागिरी झाली की दिवाणातून गोधड्या, ब्लँकेटं निघतात आणि वर्षभर साचलेले धुळीतले, डोळ्यांना न दिसणारे किडे (डस्ट माइट) थेट मुलाच्या नाकाशी येतात. त्यातच दिवाळीची साफसफाई आणि फटाक्यांचा धूर. बारा महिने चालणारी सिमेंट रस्त्यांची आणि बांधकामांची धूळ आहेच. ती ॲलर्जी निर्माण करत नाही, पण आधीच सुजलेल्या नाकाला आणखी चिडवते.

इथे संत्र्याची बाजू घेतलीच पाहिजे. आपल्याकडे संत्रं खाल्लं की सर्दी होते, म्हणून मुलांच्या हातातून संत्री काढून घेतात. आंबिया बहराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात आणि सर्दी-खोकल्याची लाटही त्याच महिन्यांत असते. दोन्ही एका वेळी येतात म्हणून दोष संत्र्यावर जातो. संत्रं खाऊन लगेच ओठ-तोंड खाजलं, अंगावर पित्त उठलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर नागपुरात राहून मुलाला संत्र्यापासून तोडायचं काही कारण नाही. दही आणि केळ्याचंही तसंच.

पायरी चौथी: कूलर आणि अंथरूण

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या शहरात घरोघरी कूलर आहे आणि त्याच्याकडे कुणी ॲलर्जीच्या नजरेने बघत नाही.

एप्रिल-मे मध्ये बाहेरची हवा इतकी कोरडी असते की धुळीतले किडे तग धरू नयेत. त्यांना जगायला ओलावा लागतो. तो ओलावा आपण कूलरने घरात आणतो. होळीच्या सुमारास बसवलेला कूलर पाऊस सुरू झाल्यावरही उकाड्यापायी चालूच राहतो, आणि तेव्हा खोली अक्षरशः दमट होते. गवताच्या ताट्यांमध्ये मागच्या वर्षीची धूळ आणि बुरशी असते, पंखा ती सरळ मुलाच्या तोंडावर फेकतो.

म्हणून हे करा. हंगाम सुरू होताना जुन्या ताट्या फेकून नव्या बसवा, त्या धुऊन पुन्हा वापरू नका. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी करा. डेंग्यूच्या डासांसाठी हे करायचंच असतं, नाकासाठीही तेच उपयोगी पडतं. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर ओल खोलीतच कोंडते. मुलाची गादी झोताच्या थेट समोर नको. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. हंगाम संपल्यावर टाकी ओली ठेवून झाकू नका.

अंथरुणाचं काम सोपं आहे. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवा. पाणी ६० अंशांच्या जवळपास असेल तर किडे मरतात, कोमट पाण्याने नाही. गाद्या-गोधड्या आपल्या उन्हाळ्याच्या कडक उन्हात दिवसभर उलटून-पालटून वाळवा. दिवाणातली ब्लँकेटं वापरायला काढण्याआधी धुवा. केसाळ खेळणी पलंगावरून हलवा. झाडू मारताना मूल खोलीत नको, फरशी ओल्या फडक्याने पुसा. झुरळांचा बंदोबस्त करा, त्यांचीही ॲलर्जी असते.

घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याबद्दल तडजोड नको. गॅलरीत जाऊन ओढली तरी धूर कपड्यांवरून आत येतो. तंबाखूच्या धुराने मुलांच्या कानाचे संसर्ग वाढतात, हे पक्कं ठाऊक असलेलं सत्य आहे. अगरबत्ती, धूप आणि मच्छर अगरबत्ती मुलाच्या खोलीत लावू नका.

पायरी पाचवी: रात्री कान ठणकला तर

डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्या. ठणका कमी करणं हा उपचाराचा महत्त्वाचा भाग आहे, अँटिबायोटिक घेतलं तरी पहिल्या दिवशी त्याने दुखणं थांबत नाही. मूल थोडं मोठं असेल तर डोकं उंचावर ठेवून झोपवा. नाक चोंदलं असेल तर नाकात सलाइनचे (निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे) थेंब घाला.

कानात काहीही घालू नका. लसणाचं तेल नको, कोमट मोहरीचं नको, कांद्याचा रस नको. आजी प्रेमानेच सांगते, पण पडदा फुटलेला असेल तर ते तेल थेट आतल्या पोकळीत जातं. काड्या, कापसाचे बोळे, हेअरपिनाही नकोत. बाहेर आलेला पू फक्त स्वच्छ कापडाने टिपा.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, चेहरा एका बाजूला वाकडा होणं, मान ताठणं, तोल जाणं, सतत उलट्या, गुंगी, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, तशाच रात्री दवाखान्यात जा. सहा महिन्यांखालच्या बाळाला कानदुखी आणि ताप असेल तरीही तसंच.

दुकानातून सर्दी-खोकल्याचं सिरप आणून पाजू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडची लेकरं दूषित खोकल्याच्या सिरपमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली आणि त्यांतली अनेक वाचली नाहीत. त्यानंतर केंद्रानेही बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा टाळायची. कानातल्या पाण्याला तर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.

पायरी सहावी: डॉक्टरांकडे जाताना

आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरज असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, तिन्ही ठिकाणी कान-नाक-घसा विभाग आहेत. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत मध्यकर्णाचा दाह आहेच, तेव्हा मुलाचं नाव पुढे करायला संकोचू नका.

वही सोबत न्या आणि हे विचारा: पडदा फक्त लाल आहे की फुगलेला आहे? मागे पाणी आहे का? नाक तपासलंत का? रडणाऱ्या, तापलेल्या मुलाचा पडदा तसाही लाल दिसतो, नुसत्या लालीवर अँटिबायोटिक लागत नाही. दोन वर्षांवरच्या मुलाचं दुखणं सौम्य असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन वाट बघू शकतात. त्यांनी औषध दिलं नाही म्हणून दुसरा दवाखाना गाठू नका. आणि दिलं तर कोर्स पूर्ण करा.

पाण्याची शंका असेल तर टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा दाबाबरोबर किती हलतो ते मोजणारी चाचणी, सांगतील. कानात मऊ रबरी टोक बसवतात, काही सेकंद दाब बदलतो, मूल फार तर गुदगुल्या झाल्यासारखं करतं. मी यंत्राच्या स्क्रीनवर उमटणाऱ्या रेघेत डोंगरासारखा उंचवटा शोधत असते. पाणी असलं की रेघ सपाट येते. उंचवटा असला पण डावीकडे सरकलेला असला तर आत दाब कमी आहे, म्हणजे नळी नीट उघडत नाही. ॲलर्जी असलेल्या मुलांत हा डावीकडे सरकलेला उंचवटा मला वारंवार दिसतो. कागदाची प्रत मागून घ्या आणि फाइलला लावा, पुढच्या वेळी तुलना करता येते.

ॲलर्जीची तपासणी हवी असेल तर त्वचेवरची टोचणी चाचणी किंवा ठरावीक घटकांची रक्तचाचणी, तीही लक्षणांशी जुळवून. टोचणी चाचणीआधी काही दिवस ॲलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. शेकडो पदार्थांच्या महागड्या पॅकेजचा मोह टाळा. त्यात निष्पन्न झालेल्या लांबलचक यादीपायी मुलाचं खाणं तुटतं आणि नाक तसंच राहतं.

पायरी सातवी: नाकाचा उपचार नीट करा

ॲलर्जिक नाकाला सगळ्यात परिणामकारक औषध म्हणजे स्टिरॉइडचा नाकातला फवारा. नाव ऐकून पालक घाबरतात. पण यातली मात्रा अगदी कमी असते, ती बहुतांशी नाकापुरतीच राहते आणि काही फवारे दोन वर्षांपासून देता येतात. मात्र ते महिनोन् महिने आपल्या मनाने चालू ठेवू नयेत. डॉक्टर मुलाची वाढ बघत असतात.

फवारा वाया जातो तो चुकीच्या पद्धतीमुळे. आधी सलाइनने नाक स्वच्छ करा. बाटली हलवा. मुलाला मान किंचित पुढे झुकवायला सांगा, मागे नाही. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे रोखून. मधल्या पडद्यावर मारलात तर नाकातून रक्त येतं. फवारताना हळू श्वास, जोरात ओढणं नको, नाहीतर सगळं घशात जातं. पूर्ण परिणामाला एक-दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

नाक झटकन मोकळं करणारे थेंब वेगळे. ते डॉक्टरांनी सांगितले तरच आणि तीन ते पाच दिवसांपुरतेच, नंतर नाक उलट जास्त चोंदतं.

आता अनेकांना न आवडणारी गोष्ट. फवाऱ्याने किंवा ॲलर्जीच्या गोळीने कानात आधीच साचलेलं पाणी लवकर आटतं, असं सिद्ध झालेलं नाही. त्यासाठी म्हणून ती औषधं देऊ नयेत, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ॲलर्जी खरोखर असेल तर ती नाकासाठी द्यायची. मूल झोपतं, श्वास घेतं, शाळेत लक्ष लागतं, आणि नळीला मोकळं व्हायची संधी मिळते.

लसींकडेही लक्ष द्या. न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात मोफत आहे, फ्लूची दरवर्षी घ्यावी लागते. बाळाला आडवं झोपवून बाटली पाजू नका, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या.

पायरी आठवी: तीन महिने लक्ष ठेवा, मग निर्णय

पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. वर्गशिक्षकांना सांगा, मुलाला पुढच्या बाकावर बसवायला लावा. घरी बोलताना टीव्ही बंद, समोर जाऊन, चेहरा दिसेल असं बोला. ओरडू नका. तीन महिन्यांनी टिम्पॅनोमेट्री आणि ऐकण्याची पूर्ण चाचणी पुन्हा करा. बोलणं आधीच मागे असेल, टाळू फाटलेला असेल, डाऊन सिंड्रोम असेल तर इतकं थांबायचं नसतं.

दोन्ही कानांत पाणी टिकून ऐकणं कमीच असेल, किंवा सहा महिन्यांत तीनदा वा वर्षात चारदा कान पिकून मधल्या काळातही पाणी राहत असेल, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवायचा विचार होतो. छोटी भूल, थोडक्या वेळाचं काम. साधारण सहा ते अठरा महिन्यांत ती आपोआप बाहेर पडते. चार वर्षांवरच्या मुलात ॲडिनॉइड काढणंही सोबत सुचवलं जाऊ शकतं.

ग्रोमेट बसल्यावर मुलाला एकदम स्पष्ट ऐकू येतं आणि घर निर्धास्त होतं. फवारा कोपऱ्यात जातो, कूलरच्या ताट्या तशाच राहतात. मग ग्रोमेट पडल्यावर पाणी परत भरलेली मुलं माझ्याकडे येतात. म्हणून नाकाचे उपाय डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवा, ऑपरेशननंतर ऐकण्याची चाचणी करून घ्या आणि ग्रोमेट पडल्याचं कळलं की पुन्हा एकदा टिम्पॅनोमेट्रीला या.